पितृपक्षातला अर्ज

२२ सप्टेंबर १९६१, पांढरकवडा
दिल्लीच्या एका लॅबोरेटरीची जाहिरात. पीएच.डी.नंतरची रिसर्च फेलोशिप. विषय सरकीच्या पेंडीतलं विष, म्हणजे माझाच. नाव तेवढं छापायचं राहिलं. अर्ज ९ ऑक्टोबरपर्यंत पोचावा. वय पस्तिसाच्या आत. मला डिसेंबरात पस्तीस पूर्ण. शेवटचा चान्स, पण एक पुरे.
हायस्कुलातली मास्तरकी नाकारली. हेडमास्तर म्हणाले, दिवाळीपर्यंत जागा ठेवतो. कीव आली.

२६ सप्टेंबर
अर्ज तयार. पोस्टात निघालो तर बापूजी दारात. म्हणे, कालच पितृपक्ष लागला, नव्या कामाले हात नको लावू, घट बसू दे. मी सायन्सचा माणूस, असलं मानत नाही. पण वडिलांचं मन मोडून कसली रिसर्च?
घट १० तारखेला. एका दिवसाचा तर प्रश्न. विमल म्हणाली, अन् टपाल काय उडत जाते दिल्लीले? बायकोला हिशेबाची फार हौस.

२९ सप्टेंबर
देवसिंग आला. माझ्याच गाइडकडे यंदा पीएच.डी. झाला. तोही अर्ज करतोय. त्याचं इंग्रजी सुधारून दिलं, पोस्टातही सोबत गेलो. परक्याच्या अर्जाला पितृपक्ष बाधत नाही.
म्हणे, आमच्या तांड्यात पितरांचं दिवाळीले करतो सर, मी मोकळाच. तुमचा नाही टाकत काय? म्हटलं, सायंटिस्टला घाई शोभत नाही.

१० ऑक्टोबर
घट बसले. अर्ज रजिस्टर्डने रवाना. शेवटची तारीख सामान्य उमेदवारांसाठी असते.

१५ नोव्हेंबर
दिवाळी झाली. हेडमास्तरांनी जागा भरली. सुटलो.

२८ नोव्हेंबर
अर्ज परत. पाकीट न उघडताच 'मुदतीनंतर' असा शिक्का. न उघडता, हे महत्त्वाचं. म्हणजे मला कोणी नापास केलेलं नाही.
देवसिंगची निवड झाली. पेढे घेऊन आला, पाया पडला. बापूजींनी दोन पेढे खाल्ले. म्हणाले, पोरगं हुशार आहे, वेळच्या वेळी काम करते.
रात्री जेवलो नाही. पित्त.

१४ डिसेंबर
पस्तीस पूर्ण. विमल तिच्या शाळेत शिकवायला निघताना म्हणाली, आता काय करता? म्हटलं, वयाची अट होती तोवर डोक्याला टोचणी होती, आता मोकळं वाटते. ती दळणाचा डबा पुढे ठेवून गेली.
गिरणीत पीठ जाड आलं. गिरणीवाल्या सदाशिवरावांना त्यामागचं शास्त्र समजावू लागलो.
म्हणे, डॉक्टरसाहेब, बाजूले व्हा, मांगं लाइन आहे.