दहा जीबीची रिकामी फाईल

६ जानेवारी २०२५, सोमवार

या ऑफिसात कामाचा माणूस एकच आहे, हे कुशल सरांच्या आज लक्षात आलं. उशिरा का होईना. काटोलच्या संत्रा उत्पादकांच्या कंपनीचं काम माझ्याकडे आलं. ड्रोनने काढलेले ४१२ बागांचे फोटो, सगळे एकाच फाईलमध्ये, सहा जीबी. त्यांच्या जुन्या डिस्कवरून नव्या सर्व्हरवर न्यायचे. नेणारी स्क्रिप्ट तयार आहे (मीच लिहिली). एवढी मोठी फाईल ती उचलते का, हे तपासून सही करायची. मग जुनी डिस्क पुसायची.

फोटो गारपिटीच्या आधीचे आहेत, पुन्हा काढता येणार नाहीत, हे कुशल सरांनी तीनदा सांगितलं. मालक असले तरी वयाने माझ्याहून नऊ वर्षांनी लहान आहेत. मनावर घेतलं नाही.

टेक लीडचं नाव १ फेब्रुवारीला जाहीर होणार. औपचारिकता आहे.

संकल्प: १) तपासणी एका दिवसात. २) ऑफिसातल्या लोकांच्या बुद्धीवर चिडायचं नाही. दोष त्यांचा नाही.

७ जानेवारी, सकाळी ११.१०

तपासणी सुरू. फाईल सहा जीबीची, पण मी टेस्ट दहा जीबीची घेणार. स्वभाव.

७ जानेवारी, सकाळी ११.१५

तपासणी संपली.

पद्धत लिहून ठेवतो, पुढे शिकवावी लागेल. दहा जीबीची फाईल खरोखर भरत बसलं तर अख्खा दिवस जातो. सामान्य लोक तेच करतात. मी एक रिकामी फाईल उघडली आणि तिला सांगितलं, तू दहा जीबीची आहेस. तिने मान्य केलं. एक सेकंद लागला. मग कोपऱ्यातल्या जुन्या मशीनवर, जशी काटोलला आहे तशाच मशीनवर, स्क्रिप्ट चालवली. मूळ फाईल दहा, कॉपी दहा. आतला मजकूर ताडून पाहिला. फरक काहीही नाही.

कामिनी मागे उभी होती. ही सावनेरहून रोज बसने येते. तीन वर्षांचा अनुभव, त्यातलं एक वर्ष ट्रेनिंगचं. म्हणाली, सर, पण आत तं काहीच नाही ना जी.

मी विचारलं, आत काय पाहिजे, तर्री-पोहे?

हसली नाही. विनोदबुद्धी शून्य. लीड झाल्यावर हिच्यासाठी काहीतरी वर्कशॉप ठेवावं लागेल.

८ जानेवारी

कामिनी पुन्हा आली, आज कागदावर आकृती काढून. म्हणणं असं: काटोलच्या कॉम्प्युटरवर आपल्या स्क्रिप्टची भाषा फार जुन्या व्हर्जनची आहे. ती चार जीबीपर्यंतच मोजते, मग पुन्हा शून्यापासून. म्हणाली, सर, जुन्या स्कूटरचा मीटर असते न, पूर्ण फिरला का पुन्हा शून्यावर येते, तसं. मंग कॉपीचा आकार तं स्क्रिप्ट आधीच आखते, तो बरोबर दिसन, पण चार जीबीच्या पुढचा माल फाईलच्या सुरुवातीवर जाऊन बसन. रिकाम्यावर रिकामं बसलं तं कोणाले कळणार?

तिचा उपाय: फाईलचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्यात त्याचा नंबर भरायचा, कॉपीमध्ये नंबर जागच्या जागी आहेत का ते पाहायचं. संध्याकाळपर्यंत होईल म्हणे.

मला काही ही थिअरी माहीत नव्हती असं नाही. विसरण्याइतकी जुनी आहे, एवढंच. मी तिला शांतपणे सांगितलं की अनुभवी माणूस शितावरून भाताची परीक्षा करतो.

ती म्हणाली, सर, पण तुमच्या भांड्यात शीतच नाही.

उद्धटपणा. आकृती काढून कामं होत असती तर चित्रकला महाविद्यालयातून भरती केली असती.

९ जानेवारी, जेवणानंतर

बाबांनी विचारलं, कोणतं काम चालू आहे. चाळीस वर्षं हातमागावर लुगडी विणलेल्या माणसाला लार्ज फाईल सपोर्ट सांगणं म्हणजे संयमाची परीक्षा, पण सोप्या शब्दांत सांगितलं.

बाबा म्हणाले, त्या फाईलीत का होतं?

काही नव्हतं, म्हणालो.

मंग तू तपासलं काय गा? आमचा शेठ अख्खं लुगडं उलगडून, उजेडात धरून पाहे. एक धागा तुटला असन तं वापस करे. तू तं बिनसुताचं लुगडं पास केलं.

वंदना पोळ्या लाटता लाटता हसली. माझी बायको असून तिला हातमागाचा विनोद कळतो, सॉफ्टवेअरचा नाही. या घरात तांत्रिक विषय काढायचा नाही. (संकल्प ३.)

१० जानेवारी, शुक्रवार

रिपोर्ट दिला. चौदा पानं. पहिली सहा माझी कार्यपद्धती आणि पूर्वानुभव यांवर. निष्कर्ष एका ओळीचा: दहा जीबीपर्यंत निर्धास्त. खाली सही.

कुशल सरांनी विचारलं, कामिनी ने देख लिया ना? मी म्हणालो, पाहिलं. खोटं नाही. मागे उभं राहून पाहिलंच होतं.

१३ जानेवारी, सोमवार

काटोलची फाईल आणली. मूळ सहा जीबी, कॉपी सहा जीबी. आतला मजकूर ताडला नाही. भरलेल्या फाईलला पाऊण तास लागतो आणि टेस्टमध्ये ताडून झाला होता. एकच गोष्ट दोनदा करायला मी कामिनी नाही.

काटोलहून आलेली जुनी डिस्क तिच्या टेबलावर ठेवली आणि पुसायला सांगितली. म्हणाली, हो सर, पाहते. नीट मार्गदर्शन मिळालं तर मुलगी वाईट नाही.

१४ जानेवारी

संक्रांत. कामिनीने तीळगूळ दिला. मी ती दिलगिरी समजून स्वीकारली.

२० जानेवारी, सकाळी १०.४०

काटोलहून बापूजींचा फोन. हे कंपनीचे अध्यक्ष, म्हणून फाईलमध्ये पहिली बाग यांची. आवाज मोठा. म्हणाले, माह्या बागेत नत्थूची वीटभट्टी काहून दिसून राहिली?

नत्थूजी म्हणजे यादीतलं २७६वं नाव. या दोघांचं अध्यक्षपदावरून जुनं वैर आहे, असं कळलं. म्हणजे प्रकरण भावनिक आहे, तांत्रिक नाही. मी समजावलं की ड्रोनचा अँगल कधी कधी असा येतो.

बापूजी म्हणाले, माही बाग हाय इथं, त्याची भट्टी हाय बारा कोसावर. कोणता अँगल हाय गा हा?

ग्राहकाशी वाद घालू नये. फोन ठेवला.

२० जानेवारी, दुपारी १२.३०

आता नत्थूजी. म्हणतात, माही बाग निस्ती काळी दिसते, एक झाड नाही. मी म्हणालो, फोटो अंधार पडल्यावर काढला असेल. ते म्हणाले, ड्रोनवाल्याले मी सोता चहा पाजला, दुपारी तीन वाजता. तीन वाजता अंधार पडते का तुमच्या नागपुरात?

काटोलकडचेच दोन लोक एकाच दिवशी तक्रार करतात. संगनमत असू शकतं. कुशल सरांच्या कानावर घालावं.

२० जानेवारी, ४.००

कानावर आधीच गेलं होतं. बापूजींनी थेट त्यांनाच लावला. केबिनमध्ये मी, कुशल सर आणि कामिनी. कामिनीने सर्व्हरवरची फाईल मोठ्या स्क्रीनवर उघडली. पहिल्या एकशे सदतीस बागांच्या जागी शेवटच्या एकशे सदतीस बागा. शेवटच्यांच्या जागी काळं. चार जीबीच्या पुढचं सगळं सुरुवातीवर जाऊन बसलेलं.

मी निदर्शनास आणून दिलं की मधल्या एकशे अडतीस बागा अचूक आहेत. ३३ टक्के. बोर्डाच्या परीक्षेत ३५ ला पास करतात.

कुशल सरांनी विचारलं, ओरिजिनल डिस्क?

मी म्हणालो, पुसली. रिपोर्टप्रमाणे.

ते खुर्चीत मागे टेकले. म्हणाले, पराते सर, गारा पडायच्या आधीची झाडं आता कुठून आणू? ही माणसं पंचनाम्याला काय दाखवतील?

हा प्रश्न वैयक्तिक टीकेत मोडतो असं मला वाटलं, पण आधी उठून एसी कमी केला. फार गार झालं होतं.

मग कामिनी म्हणाली, सर, पुसली नाही मी. पाहते म्हटलं होतं, पुसते नाही म्हटलं. माह्या ड्रॉवरमध्ये आहे.

२१ जानेवारी

शांतपणे विचार केला. वरिष्ठाने सांगितलेलं काम आठवडाभर केलं नाही, वर कळवलंही नाही. हा सरळ शिस्तभंग आहे. कुशल सरांना मेल लिहिला, चार परिच्छेदांचा. वंदनाला वाचून दाखवला. ती म्हणाली, अहो, तिनं तुम्हाले वाचवलं आणि तुम्ही तिचीच तक्रार करून राहिले? बाबा मध्येच उठून आत गेले. ते मला जास्त लागलं.

मेल पाठवला नाही. इंटरनेट स्लो होतं.

२४ जानेवारी

कामिनीने नंबर घातलेली दहा जीबीची फाईल भरली. संध्याकाळ झाली, मी म्हणालोच होतो. माझी स्क्रिप्ट तिच्यात नापास झाली. तिने भाषेचं व्हर्जन बदललं, पुन्हा चालवली, पास. मूळ डिस्कवरून सगळे फोटो नव्याने आणले.

रिपोर्ट एका पानाचा. एवढ्या मोठ्या कामाला एक पान शोभत नाही. मी माझी सहा पानं जोडायला देऊ केली. नको म्हणाली.

१ फेब्रुवारी, शनिवार

टेक लीड: कामिनी.

कुशल सरांनी पेढे वाटले. मी दोन घेतले, वाईट वाटलं असं दिसू नये म्हणून. खरं तर मॅनेजमेंटमध्ये गेलं की माणसाचा कामाशी संबंध तुटतो. मला प्रत्यक्ष कामाची आवड आहे, हे कुशल सर जाणून आहेत. म्हणून त्यांनी माझ्यासाठी वेगळी जबाबदारी ठेवली: फील्ड व्हेरिफिकेशन. बापूजींची अट आहे की आमच्या ऑफिसचा माणूस काटोलला बसून ४१२ बागा एकेक करून मालकाला दाखवील आणि प्रत्येकाची सही घेईल. अत्यंत विश्वासाचं काम. दुसऱ्या कोणाला दिलं नाही.

कामिनीला सोमवारपासून मॅडम म्हणायचं का, हे विचारायचं राहिलं.

३ फेब्रुवारी, काटोल, सकाळी १०.३०

एसटीने आलो. उभ्याने. बाजाराजवळ कंपनीची खोली, एक टेबल, एक स्क्रीन. बाहेर मालकांची रांग. बापूजी माझ्या शेजारी खुर्ची टाकून बसले आहेत.

संकल्प: रोज एकशे तीन बागा. चार दिवसांत मोकळा, पाचवा दिवस राखीव.

३ फेब्रुवारी, दुपारी १.३०

नऊ बागा झाल्या. प्रत्येक जण आपलं प्रत्येक झाड शोधतो. धोंडबा नावाच्या माणसाने अर्धा तास विहीर पाहिली. फोटो मोठा करून दाखवा म्हणाला, मग अजून मोठा. मी म्हणालो, विहीर तीच आहे. तो म्हणाला, ते मी ठरवतो.

३ फेब्रुवारी, संध्याकाळी ५.००

सतरा झाल्या. उरल्या ३९५. हे लोक एवढंसं पाहायला एवढा वेळ का लावतात, असं बापूजींना विचारलं. ते म्हणाले, साहेब, झाडं गेली आता. एवढंच उरलं पाहाले.

मी स्क्रीनवरचा फोटो अजून मोठा केला.

मग त्यांनी सह्यांचा कागद आपल्याकडे ओढला, चष्मा पुसला आणि म्हणाले, या सतरा बागा उद्या पयल्यापासून पुन्हा दाखवा, तुम्ही लय घाईनं सरकवल्या. या टाइमले माऊस माह्या हातात द्या.