नऊ नंबरचं पाकीट

३ मार्च
आज रुजू झाले. जागा मनासारखी आहे. तिन्ही बाजूंना माशांची तळी, चौथ्या बाजूला समुद्राची भिंत आणि मधे सोळा पांढरे कंटेनर, आत बॅटऱ्या. दुपारी सौर वीज उतू जाते तेव्हा त्या भरायच्या, संध्याकाळी साडेपाचला तैनान शहराकडे दिवे लागले की रिकाम्या करायच्या. माणसं तीनच: मुख्य कुओ काका, तंत्रज्ञ हुंग ताई आणि मी. जेवायला माशाची पेज होती. काका म्हणाले, तैपेइच्या बाई महिनाभर टिकल्या तर आपल्याकडून कालवांचं आमलेट. मी म्हटलं, अंडी आणून ठेवा.
हुंग ताई भर उन्हात जाड कोट घालून होत्या. किल्ल्या देताना बोटं लागली, बर्फासारखी. इतके गार हात कसे, विचारलं. म्हणाल्या, माझ्यात रक्त कमी आहे, बाकी काही नाही.

४ मार्च
इथेही प्रत्येक कंटेनरवर मक्याच्या कुरकुऱ्यांचं हिरवं पाकीट आहे. मशिनने गुण्यागोविंदाने चालावं म्हणून, आपल्याकडे सगळीकडे करतात तो तोडगा. कॉलेजच्या प्रयोगशाळेत आम्हीही ठेवायचो. हिरवंच हवं, फोडायचं नाही, मुदत संपू द्यायची नाही.
नऊ नंबरच्या पाकिटाची मुदत उद्या संपत होती. ताईंनी नवं पाकीट आणि मार्कर हातात दिला. म्हणाल्या, इथल्या रीतीप्रमाणे नव्या माणसाने नाव घालायचं, स्वतःच्या हाताने. मी ‘श्ये युन-च्याओ’ लिहिलं आणि पाकीट ठेवलं. जुन्या पाकिटावर त्यांचं नाव होतं.

६ मार्च
ताईंनी कोट काढला. दिवसभर गाणं गुणगुणत होत्या. काका म्हणाले, बघा, इंजिनीअर बाई आल्या आणि आमच्या म्हातारीला पालवी फुटली. ताईंनी त्यांना हातमोजा फेकून मारला. मीही हसले.
इतर पंधरा पाकिटं पाहिली. एकावरही नाव नाही.

९ मार्च
नोंद करण्यासारखं. बॅटरीत घातलेल्या विजेपैकी साधारण अठ्ठ्याऐंशी टक्के परत मिळते, बाकी उष्णतेत जाते. नऊ नंबर काल चौऱ्याण्णव देत होता, आज १०१.४. हे शक्य नाही. मीटर दोनदा तपासले, बदलले. तेच.
थंडाव्याची यंत्रणा पूर्ण जोरात आहे, तरी आत ३६.६ अंश. बाकी सगळीकडे पंचवीस.
मला थोडी कणकण आहे. थर्मामीटर लावला, ३५.८. ताप नाही, उलटंच.

१२ मार्च
आज पाकिटावरची मुदत वाचली. प्रत्येक आकडा वाचणारी मी, तेवढाच वाचला नव्हता. २४ मार्च. दुकानात अशी पाकिटं सहा-सहा महिन्यांची मिळतात.
नऊ नंबर: १०६. मी: ३४.९.
फोन हातात धरला की चार्ज उतरतो, टेबलावर ठेवला की थांबतो. तीन वेळा करून पाहिलं.

१५ मार्च
काल गावातून नवं पाकीट आणलं, डिसेंबरपर्यंतचं. नाव न घालता बदललं. आज सकाळी माझ्या नावाचं जुनंच परत जागेवर. ताईंना विचारलं. नजर चुकवत म्हणाल्या, एकदा नाव दिलं की दिलं. मग ओरडल्याच, मला काय हौस आहे का गं, मला दोन पोरं आहेत!
मी: ३४.१.

१६ मार्च
काकांनी सांगितलं, शांतपणे, मासा सोलत. पहिल्या वर्षी नऊ नंबरवर बिननावाचं पाकीट होतं. तो पेटला. तीन माणसं गेली, एक त्यांचा भाऊ. नाव असलं की पेटत नाही. मुदतीच्या आत दुसऱ्याने स्वतःच्या हाताने नाव घातलं की आधीचा सुटतो. गेल्या वर्षी त्सेन यी-जू होती. तिने पुढे कुणाला द्यायला नकार दिला. मुदतीच्या दिवशी नऊ नंबरमध्ये सापडली. अंगावर जखम नव्हती, फक्त गार. पुढे चार महिने तो शंभराच्या वर देत राहिला.
म्हणाले, सोळा पेटले तर गाव जाईल बाई. तुम्ही एकट्या आहात.
माझ्या जागी नवी मुलगी २३ला येते आहे. काकांनी मागवली. म्हणाले, ही तुमच्यावर मेहेरबानी.

१८ मार्च
पळाले. स्कूटर फाटकाशीच बंद. विजेवरची बस तिसऱ्या थांब्याला मेली, सगळे उतरले, ड्रायव्हर माझ्याकडे बघत राहिला. काका डिझेलच्या ट्रकने आले, आल्याचं गरम पाणी घेऊन. मला बसवून परत फिरले. मी पाणी प्यायले.
३२.७.

२० मार्च
ताईंनी त्यांचा कोट आणून दिला. घातला. उन्हात बसते. ऊन लागत नाही. फक्त नऊ नंबरच्या दाराला पाठ टेकली की — तिथे ३६.६ आहे. माझेच ३६.६.

२२ मार्च
३०.९. नऊ: ११५.
ठरलं. तिला फाटकातच सांगणार. नाव घालू नकोस, परत जा. त्सेनला जमलं ते मला — 
लिहून ठेवते म्हणजे बदलता येणार नाही.

२३ मार्च
आली. फांग. बावीस वर्षांची, पाठीवर पिशवी, आईने दिलेले अननसाचे केक. मला पहिला दिला. म्हणाली, ताई, किती छान जागा आहे.
सांगायला तोंड उघडलं. दात वाजत होते. काका समोर होते — नाही. काका नव्हते. कुणीच नव्हतं. मी एकटीच होते.
उद्या सांगते. सकाळी.

२४ मार्च
दुपार. २९.२. बोटं वळत —
सांगितलं नाही.
पाकीट मी दिलं. नवं. ताई लांब उभ्या, पाठ करून. ती टोपण काढते आहे. अक्षर सुंदर आहे तिचं — नावातल्या तिनांपैकी पहिलं झालं — माझ्या पोटात काहीतरी ऊबदार — 
दुसरं —
थांबली. माझ्या हाताला हात लागला तिचा. विचारते आहे, ताई, इतके गार हात कसे? मी म्हटलं, माझ्यात रक्त कमी आहे, बाकी काही ना—