पिवळा ठिपका

ता. ४ फेब्रुवारी
प्रिय ताईस,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हा मी आबांच्या जुन्या जीपखाली आडवा होतो, म्हणून कागदावर ऑइलचा डाग. काल पुलाजवळ एका म्हाताऱ्या न्हाव्याला जीपमध्ये घेतलं, तर गड्यानं चालत्या गाडीत माझी दाढी केली! एकदाच कापलं. असो, मुद्द्यावर येतो.

दादाची ती वाऱ्यासारखी पळणारी गाडी पुन्हा कंपनीत? सहा महिन्यांत चौथ्यांदा! म्हणजे हत्ती पोसायचा आणि सोंडेला हात लावायचा नाही. कंपनीवाले म्हणतात, कॉम्प्युटरला दोष दिसत नाही. आबांना मात्र खिडकीत बसून शिट्टी ऐकू येते, टर्बोच्या नळीची पट्टी सैल आहे म्हणतात. चाळीस वर्षं गॅरेज चालवलेला कान आहे तो. वॉरंटीत बाहेरच्याचा हात चालत नाही म्हणे. आबा बाहेरचे कधीपासून झाले? मी त्यांना सरळ लिहिलंय, दादा आंघोळीला गेला की बॉनेट उघडा आणि आवळा, कोण बघतंय!

भाचीला पापा. लोभ चालू ठेव, मध्येच बंद पाडू नकोस.
तुझा,
भटक्या

ता. ३० मार्च
चि. भटक्यास,
अ. उ. आ.

तुझी अक्कल आबांनी ऐकली. पट्टी आवळली, शिट्टी गेली, आणि सवयीनं नटवर पिवळ्या रंगाचा ठिपका दिला. हात लावलेल्या प्रत्येक नटला ते देतात, उद्या काही चुकलं तर जाब कुणाला विचारायचा ते कळावं म्हणून. महिन्याभरात गिअरबॉक्स गेला. पट्टीशी त्याचा काडीचा संबंध नाही. पण कंपनीच्या माणसाला ठिपका दिसला आणि वॉरंटी रद्द. गाडी दारात ताडपत्रीखाली पडून आहे.

दादा सगळ्यांसमोर बोलला, हात लावलात ते लावलात, निदान ठिपका तरी द्यायचा नव्हता. आबा एवढंच म्हणाले, ठिपका न देता काम चोर करतात. तेव्हापासून दोघांत अबोला. आबांनी ठिपक्याचा ब्रश वाळू दिलाय, जेवण दोन घासांवर आलंय. तू सुचवलंस हे त्यांनी दादाला सांगितलेलं नाही. लवकर ये.

माया आहे, रागही आहे.
ताई

ता. ११ एप्रिल
ती. आबांस,
शि. सा. न.

निघालोच होतो, वाटेत एकाचं बिऱ्हाड हलवायला थांबलो. त्यांच्याकडे शिव्या देणारा पोपट होता, पण ते राहू द्या. आबा, चूक माझी. बॉनेट उघडा असं मी लिहिलं होतं, हे दादाला मीच सांगणार आहे.

परवा जीपचा पंखा खडखडला. उघडून बघतो तर सगळीकडे तुमचे ठिपके. एकाच नटवर नव्हता, तो मी बसवलेला. तोच सैल होता. हसू नका.

शनिवारी पोचतो. ब्रश भिजवून ठेवा. आशीर्वाद असू द्या, मी आलो तरी.
तुमचा,
भटक्या

ता. २ जून
चि. धाकट्यास,
अ. आ.

एप्रिलमधल्या त्या गुरुवारी आबा गेले, तुझं त्यांना लिहिलेलं पत्र शुक्रवारी आलं. मी फोडून वाचलं. शनिवारी तू दारात उभा राहिलास तेव्हा ते दाखवायचा धीर झाला नाही. तूही ठरवलेलं न सांगताच निघून गेलास. आबांचा आणि माझा अबोला तर कायमचाच राहिला.

काल कंपनीचं पत्र आलं. या सगळ्याच गाड्यांत टर्बोच्या नळीची पट्टी सैल पडते, फुकट बदलून देऊ. मी फोन केला. साहेब म्हणाला, गिअरबॉक्सही वॉरंटीत करून देतो, फक्त जुनी पट्टी नटासकट आमच्याकडे जमा होईल.

मी नको म्हणालो. गाडी ताडपत्रीखालीच आहे. रोज सकाळी बॉनेट उघडून बघतो.

तुझ्यावर राग नाही. तू लिहिलंस, त्यांनी ऐकलं, बोललो मी.

उरलाय तो लोभ आपण दोघं वाटून घेऊ. जीप घेऊन ये. येताना इंजिन पुसू नकोस.
तुझा,
दादा