कार्डातून आरपार

उइटहॉर्न
१५ सप्टेंबर २०२४

आदरणीय आबा,
सप्रेम जय भीम, वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि कानात मशीन घालणार नाही हा तुमचा हट्ट, म्हणून बॉलपेन हातात घेतलंय. डिप्लोमा सोडल्यापासून एवढं मराठी लिहिलेलं नाही. चुकांवर लाल खुणा करून ठेवा, आल्यावर बघू.

इथे दोन आठवडे झाले. मैत्रीताईने तिची जुनी सायकल दिलीय, तिला इथे डचमध्ये फीट्स म्हणतात. हँडलला ब्रेकच नाही, पेडल उलटं फिरवलं की थांबते. हे मला अनुप भावजींनी तिसऱ्या दिवशी सांगितलं, तोवर दोनदा कालव्यात जाता जाता वाचलो. कालव्यात एक बगळा रोज एकाच जागी उभा असतो, मला वाटायचं प्लास्टिकचा आहे. आता गावापर्यंत नवी ट्रामही आलीय, त्यात बसून मी शेवटापर्यंत जातो आणि तसाच परत येतो. ताई म्हणते, नव्वद दिवसांचा व्हिसा ट्राममध्ये बसून घालवणार का? काय सांगायचं होतं? हां, वर्ग.

इथली मराठी मंडळी दर शनिवारी एका हॉलमध्ये मुलांचा मराठी वर्ग भरवतात. मंजूषाताई म्हणून आहेत, त्या चालवतात. मी ताईच्या शिवांगीला सोडायला गेलो होतो. बारा-तेरा मुलं बाराखडीला कंटाळून खुर्च्या ओढत बसलेली. मला राहवलं नाही, तुमची नाणं गायब करायची जादू केली. सगळी एकदम ‘नॉख एन केअर’ ओरडायला लागली, म्हणजे परत एकदा. आता दर शनिवारी अर्धा तास माझा. मराठीत बोलायचं एवढीच अट.

तुमचा नियम पाळतोय. जत्रेत तुम्ही बुवांचे चमत्कार करून दाखवायचात आणि लगेच कसं केलं ते सांगायचात, तसंच. मुलांना म्हटलं, जो दाखवून उलगडत नाही तो जादूगार नाही, लबाड. पोरं आता जादूपेक्षा उलगडण्याचीच वाट बघतात.

एक गंमत. वर्गात शिरताना ताईने दारातच सांगितलं, नाव विचारलं तर आशू म्हण, पुढचं सांगायची गरज नाही. मी म्हटलं, अश्वजित काय वाईट आहे? ती शिवांगीच्या बुटाची लेस बांधत होती, बांधतच राहिली. असो. आशू तर आशू. मला काय, नवं गाव नवं नाव.

नवा प्रयोग असेल तर कळवा, माझ्याकडचे तीन शनिवारांत संपतील. आईला जय भीम. आहे तो लोभ माझ्या अक्षराकडे न बघता वाढवावा.

तुमचा,
अश्वजित


(पोस्टकार्ड)

दौंड
२९ सप्टेंबर २०२४

चि. अश्वजितास,
सप्रेम जय भीम.

पत्र पोचलं. लाल खुणा एकवीस. मी कार्डच लिहिणार. उघड्यावर लिहिताना माणसाच्या हातून खोटं सहसा लिहिलं जात नाही.

प्रयोग सांगतो. असंच कार्ड वर्गाला दाखव आणि विचार, यातून कोण आरपार जाईल? पोरं हसतील. मग कार्ड उभं दुमडायचं. एक काप घडीकडून, दुसरा मोकळ्या कडेकडून, असे आळीपाळीने घ्यायचे. कोणताही काप शेवटपर्यंत न्यायचा नाही. मग पहिली आणि शेवटची पट्टी सोडून मधली घडी कापायची. उलगडलं की मोठं कडं होतं, चौथीतला पोरगा सहज पार होतो. कापण्याआधी कार्ड एखाद्या मुलाकडून मोठ्याने वाचून घे. वाचन होतं, आणि कार्डात फसवाफसवी नाही हे सर्वांना कळतं. हेच कार्ड काप, मला परत नको.

तुझ्या ताईने दुसरं नाव ठेवलं तरी नातीला मी मनात समताच म्हणतो. हे मैत्री वाचणार. वाचू दे.

तुझी आई बरी आहे. लोभ कळवत जावा.

आबा


उइटहॉर्न
१३ ऑक्टोबर २०२४

ती. आबांना,
सप्रेम जय भीम, वि. वि.

हे पाकिटात घालतेय म्हणून मोकळं लिहिते.

तुमचं कार्ड गुरुवारी आलं आणि काल आशू ते वर्गात घेऊन गेला. मला आधी कळलं असतं तर नेऊ दिलं नसतं. जयंती म्हणून नऊ वर्षांची मुलगी आहे, सगळ्यांत तिलाच काय ते थोडंफार वाचता येतं. ती पुढे उभी राहून वाचायला लागली. चि. अश्वजितास, आणि मग पुढची ओळ. मागे आम्ही आई-वडील कॉफी घेऊन उभे होतो. कोणीतरी चमचा बशीत ठेवला, तेवढा ऐकू आला. मंजूषाताई हसून म्हणाल्या, पुरे बाळा, आता जादू बघू. आणि मग तशाच हसत आशूला विचारलं, कार्ड कोणाचं?

आशूने वेळ निभावली, हे मी मुद्दाम सांगते. तो एरवी धांदरट, पण चटकन म्हणाला, आमचं नाही, ताईच्या एका जुन्या पुस्तकात सापडलं, कोणी अश्वजित असेल. विषय तिथेच मिटला.

तुम्ही रागावाल. रागवा. पुण्यातल्या पहिल्या ऑफिसात मी डबा उघडला की टेबल कसं हळूहळू रिकामं होत गेलं, हे तुम्हाला मी कधी सांगितलं नाही. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. कोणी भांडतही नाही, सगळ्यांना नेमकी तेव्हा मीटिंग असते. इथे आठ वर्षांत ते झालं नाही, आणि होऊ नये म्हणून मी काय काय सांभाळते ते दौंडहून दिसणार नाही. शिवांगीला रविवारी तीन घरांतून खेळायला बोलावणं असतं. ती तीन घरं मला हवी आहेत. तिने माझ्यासारखं एकटीने डबा खाऊ नये, एवढंच माझं म्हणणं.

यापुढे कृपया कार्ड नको, पाकीट पाठवा. अनुपचंही तेच म्हणणं. आईच्या गुडघ्याला तेल पाठवते. माझ्यावरचा लोभ रागाच्या मागे का होईना, असू द्या.

तुमची,
मैत्री


उइटहॉर्न
२७ ऑक्टोबर २०२४

आदरणीय आबा,
सप्रेम जय भीम, वि. वि.

दोन आठवडे लिहीन लिहीन म्हणतोय. मध्ये झूटरमेरला जाऊन आलो, तिथे मोठ्या शेडमध्ये बर्फाचा डोंगर केलाय, लोक बाहेर रेनकोट घालून येतात आणि आत बर्फावरून घसरतात. इथे आता ट्यूलिपचे कांदे पुरायचे दिवस आहेत. शेजारच्या आजोबांना मी पन्नासेक पुरून दिले, त्यांनी मला कॉफी दिली. हे सगळं मी का लिहितोय ते तुम्हाला कळलं असेल. आधी दुसरीकडे बघायला लावायचं, हे तुम्हीच शिकवलंत.

तुमचं कार्ड वर्गात नेलं. तुम्ही सांगितलं तसं वाचून घेतलं. जयंती माझं नाव एकेक अक्षर जोडत वाचत होती आणि मी ते दुसऱ्या कोणाचं असल्यासारखं ऐकत होतो. मंजूषाताईंनी विचारलं आणि मी म्हटलं, आमचं नाही. आबा, मला विचार करायला वेळ मिळाला नाही असं लिहिणार होतो. मिळाला होता. कात्री हातात होती, तिचं टोक बघत बसण्याइतका वेळ होता.

मग कापलं. कडं छान मोठं झालं. शिवांगी गेली, सगळी पोरं एकामागून एक त्यातून गेली, तुमच्या अक्षरांतून. शेवटी जयंती. ती पलीकडे जाऊन थांबली आणि म्हणाली, “काका, हे कोणी लिहिलंय?” मी म्हटलं, माहीत नाही. ती म्हणाली, “पण तुम्ही म्हणाला होता, उलगडायचं.” मी तिला घडी कशी घालायची, काप कुठे थांबवायचे, सगळं परत दाखवलं. तिने ते विचारलंच नव्हतं. पोर हुशार आहे, उगाच मान हलवली.

पुढच्या शनिवारी मी सगळं सांगायचं ठरवून गेलो होतो. ट्राममध्ये वाक्य पाठ केलं. मंजूषाताई दारातच भेटल्या. म्हणाल्या, दिवाळीच्या कंदिलांची तयारी आहे, जादूला आता वेळ निघायचा नाही, मुलांना तुमची फार आठवण येईल. चिवड्याचा डबा दिला, झाकणावर ‘आशूदादा’ लिहून. तो डबा दोन्ही हातांत धरून मी थँक यू म्हटलं आणि परत आलो. वाक्य अजून पाठ आहे.

मागच्या रविवारी आणि आज, तीन घरांपैकी दोन घरी शिवांगीला बोलावणं नाही. भावजी म्हणतात शाळेला सुट्टी लागलीय, लोक फिरायला गेलेत. असेलही. ताई खिडकीत बसून सायकली मोजते. म्हणजे खोटं बोललो ते बोललो, आणि ते चाललंही नाही बहुतेक.

कार्ड टाकवलं नाही, घडी घालून यात ठेवलंय. नोव्हेंबरच्या एकोणतीसला निघतो, तीसला सकाळी मुंबईला उतरतो. लोभ मागायची जागा ही, पण हात अडतोय.

अश्वजित


(पाकिटातून)

दौंड
१० नोव्हेंबर २०२४

श्री. आशू यांस,
स. न. वि. वि.

वरचं संबोधन कोणी मोठ्याने वाचलं तरी आपली अडचण होणार नाही असं घातलं आहे. पाकीटही वापरलं आहे. मैत्रीस कळवावे.

तिचं पत्र पंचवीस ऑक्टोबरला आलं. तुझं परवा. मधले चौदा दिवस तू लिहितोस का हे पाहत होतो. तुझ्या आईने विचारलं, मैत्री काय लिहिते? मी म्हटलं, सगळे खुशाल. म्हणजे मीही वेळ निभावली.

आता एक प्रयोग, जो मी आजवर कोणाला उलगडून दाखवलेला नाही. एकोणऐंशी साली डी.एड.ला असताना मी तालुक्याच्या गावी दुसरं आडनाव सांगून खोली घेतली. चार महिने अंगणातल्या नळाचं पाणी सगळ्यांसारखं भरलं. एक दिवस माझे वडील ज्वारीचं पोतं डोक्यावर घेऊन दारात उभे राहिले. मालकीणबाईंनी विचारलं, हे कोण? मी म्हटलं, गावाकडचा माणूस आहे, धान्य पोचवतो. वडिलांनी माझ्याकडे पाहिलं, पोतं ओट्याखाली ठेवलं, टोपी सारखी केली आणि मला म्हणाले, “साहेब, निघतो मग.”

त्यानंतर ते सतरा वर्षं जगले. त्या दिवसाबद्दल कधी अवाक्षर काढलं नाही. लग्नात, बारशात, दवाखान्यात, कुठेही नाही. रागावले असते तर मी पाय धरले असते. ते बोलले नाहीत, म्हणून मला माफीही मागता आली नाही. मग मी गावोगाव दुसऱ्यांची लबाडी उघडी करत हिंडलो. दाखवलं की उलगडायचं, हा नियम तिथला आहे. तुम्हा मुलांना तो शिकवला आणि तो आला कुठून ते सांगितलं नाही. तेवढी चूक माझी.

वडिलांनी मला जे दिलं ते तुला द्यायचं नाही, म्हणून बोलून दाखवतो. मला लागलं आहे. मैत्रीचं लागलं, पण तिच्या डब्याचं कळल्यावर तिच्यावर रागावण्याचा माझा हक्क निम्मा झाला. तुझं पूर्ण लागलं. तुला कोणी टेबलावरून उठवलं नव्हतं. तुला फक्त पोरांच्या टाळ्या सोडवत नव्हत्या.

कापलेलं कार्ड मिळालं. काप सरळ आहेत, कुठेही तुटलेलं नाही. घडी मिटवली की पहिली ओळ अजून नीट वाचता येते. तुझ्या आईने ती वाचली आणि विचारलं, हे परत का आलं? मग तिला दोन्ही पत्रं वाचून दाखवली. तिच्या बोलण्याची वाट मी पाहतो आहे, तूही पाहा.

तीस तारखेला मुंबईला तुला घ्यायला येतो. परदेशातून येणाऱ्यासाठी नावाची पाटी धरून उभं राहायची पद्धत आहे म्हणे. कोणतं नाव लिहू, हे विचारलं असतं, पण तुझं उत्तर वेळेत पोचणार नाही. पाटी कोरी आणतो. खडू माझ्या खिशात असेल. नाव तू लिही, सगळ्यांदेखत.

लोभ तिकडच्या मंडळींचा आहे, तो सांभाळून आणावा. इकडचा इथे आल्यावर पाहू.

आपला,
बबन