पत्र्याखालची गार दुपार

प्रिय ईनबाई,

केसरबाईचा नमस्कार घ्या. तुमी होता तवा मी तुमाला कधी दोन ओळी लिहिल्या न्हाईत, अन् आता तुमी गेल्यावर लिहायला बसले. कावून, ते सांगते. आपली ईश्वरी माझ्या घरात झोपली हाय. भर दुपारी, पत्र्याखाली, वैशाखात. अन् झोपताना काय म्हणली ठावं हाय का? "आजी, अंगावर काहीतरी टाक." पांघरूण मागितलं पोरीनं, ईनबाई, पांघरूण!

ही गोष्ट मी कुणाला सांगू? सुनेला सांगितली तर ती म्हणली, "लेकरू झोपलं, त्यात काय एवढं?" लेकीला, म्हंजी तुमच्या सुनेला फोन लावला, तर मंगल शेतात, रेंज न्हाई. मंग वाटलं, ह्या झोपेचं मोल कळणारी जगात एकच बाई होती, अन् ती माझी ईन. म्हणून मागल्या सालचं कॅलेंडर काढलं अन् त्याच्या कोऱ्या बाजूला लिहिते. चौथी शिकलेली बाई मी, अक्षर वाकडं हाय. तुमी तर तेवढंबी शिकला न्हाईत, तवा नावं ठेवू नका. तिथं कुणाकडून तरी वाचून घ्या.

खरं सांगते, मी तुमच्यावर लई जळत होते. जळत होते म्हंजी अजून जळते, निस्तं गेल्यानं कुणी सुटत न्हाई.

तुमीच सांगा, उन्हाळ्याची सुट्टी कुणाच्या हक्काची? आजोळाच्या का न्हाई? सगळ्या गावातली नातवंडं आजोळाला येत्यात, आंबे खात्यात, आमच्या नेकनूरच्या बाजारात फिरत्यात. शेजारणीच्या घरात पोरांचा गलका, अन् मी माझ्या ओट्यावर एकटी पापड राखत बसलेली. आपली ईश्वरी यायची ती दोन दिसांसाठी. तिसऱ्या दिशी मंगलचा पदर धरून उभी. "आई, घरी चल. इथं लई उकडतं." वर्षभर तुमच्याकडं, अन् सुट्टीतबी तुमच्याकडंच. एवढं सगळं एकट्या बाईनं ठेवून घ्यावं का?

अन् नावं कशी पाडली तिनं! तुमी "गारआजी", अन् मी "पत्र्याची आजी". लहान लेकरू, त्याला काय कळतंय, असं समदे हसून म्हणायचे. मीबी हसायचे. घरात जाऊन मातूर भांडी आपटायचे.

तुमी एकदाच माझ्या घरी उन्हाळ्यात आलता, ध्यानात हाय का? माझ्या धाकट्या लेकाच्या, दत्ताच्या लग्नाची बोलणी होती. मी तुमाला तांब्या-भांडं दिलं. तुमी एक घोट घेतला, भांडं खाली ठेवलं अन् पदरानं वारं घेत म्हणलात, "ईनबाई, तुमच्याकडं लई तापतं की हो." बास, एवढंच. पण ते खाली ठेवलेलं भांडं मला अजून दिसतंय. पाणी पिऊन तरी बोलायचं होतं.

मंग मी तुमच्याकडं आले. बीडला गाडी बदलून, उन्हात उभं राहून, डोक्यावर वल्या फडक्याची टापशी बांधून चकलांब्याला पोचले तवा जीव अर्धा झाला होता. तुमच्या दाराला तरटाचा वला पडदा. तो बाजूला सारला अन् आत पाय टाकला, तर वाटलं कुणी कपाळावर गार हात ठेवला. पत्रेच की तुमचेबी! पण वर तुरीच्या तुराट्या अन् उसाच्या पाचटाचा जाड थर, त्यावर दुधी भोपळ्याचा वेल पसरलेला. कोपऱ्यात रांजण, खाली वली वाळू. मी तीन तांबे पाणी प्याले, अन् तुमी इचारलं, "गार हाय का?" मी काय म्हणले? "बरं हाय." त्या दिशी तोंडातून "लई गार हाय" निघालं असतं तर माझं काय गेलं असतं? पण निघालं न्हाई. त्याला काय करावं.

घरी आल्याबरोबर मी मनाशी ठरवलं, हिच्यापेक्षा भारी माठ आणायचा. आणलाबी. बीडहून आणला, पितळी तोटीचा. पण तो पाझरायचा, खाली सगळं वलं व्हायचं. तुमच्या रांजणाला पाहून मला वाटायचं, ह्यांच्याकडं पाझरतंय, आपल्याकडं पाझरायचं न्हाई. म्हणून मी दाराला लावायचा ऑईलपेंट उरलेला होता, तो माठाला दोन हात दिला. वरून रंगाऱ्याकडून गुलाबाची फुलं काढून घेतली. असा माठ अख्ख्या नेकनुरात न्हवता. एक थेंब पाझरायचा न्हाई. अन् पाणी? अंघोळीला ठेवल्यासारखं. मला वाटलं माती खराब लागली. त्या माठाला मी दोन साल शिव्या दिल्या.

मंग दत्तानं कूलर आणला. मी दार बंद, खिडकी बंद, उंबऱ्याला फडकं. गार हवा बाहेर जाऊ नये म्हणून. तर घरात निस्ता चिकचिकाट, गादी वली, माणसं घामट. टँकरचं पाणी त्या कूलरला पाजून पाजून सून हैराण झाली. "आत्या, ह्यो कूलर हाय का म्हैस?" म्हणाली.

अन् तुमी हिवाळ्यात गेलात. पुसात, थंडीत. मी मातीला आलते. रडलेबी, खोटं न्हाई. पण ईश्वरी तुमच्या जुन्या लुगड्यात तोंड खुपसून बसली होती, मी जवळ घेतलं तर हात सोडवून परत त्या लुगड्याकडं गेली. गेलेल्या बाईच्या लुगड्याचा हेवा कुणी करतं का? मी केला.

ह्या साली मंगलनं पोरीला माझ्याकडं पाठवलं. दुपारी घरात कुणी नसतं, एकटं लेकरू कसं ठेवायचं? मला आनंद किती झाला म्हणून सांगू! बसस्टँडवर मी गाडीच्या आधीच जाऊन बसले. पण दोन दिसांतच तिच्या पाठीवर घामोळ्या, तोंड लालबुंद. तिनं बापाला फोन केला. मी पलीकडं भाकरी थापत होते, समदं ऐकू आलं. "पप्पा, मला न्यायला या. इथं झोप येत नाही." जावई म्हणाले, अक्षय तृतीयेच्या आदल्या दिशी येतो. आखितीला तुमच्या नावानं पाणी भरायचं होतं ना, तुमच्या घरी ती असायला पायजे.

म्हंजी माझ्या हातात तेवढेच दीस. ही पोरगी आता गेली तर परत आजोळाला यायची न्हाई, मोठी व्हईल, तिची सुट्टी क्लासात जाईल, अन् माझं घर तिच्या ध्यानात निस्तं घामोळ्यांचं घर म्हणून राहील.

मंग तिनंच एक दिवस माझ्या माठाला हात लावला अन् हसायला लागली.

"आजी, याला रंग कोणी दिला?"

"मी दिला. सुंदर हाय का न्हाई?"

"अगं, माठाला घाम आला पाहिजे. घाम आला तरच तो गार होतो. तू त्याचं अंगच लिंपून टाकलंस."

"कोण म्हणतं असं?"

"गारआजी."

घ्या. गेल्यावरबी माझ्या सैपाकघरात येऊन बोलताय. मी रागानं म्हणले, "मीबी लई उन्हाळे काढलेत, मला नको शिकवू." तर नऊ वर्षांची पोर कमरेवर हात ठेवून, अगदी तुमच्यासारखा हात ठेवून म्हणते, "काढलेस, पण तापत काढलेस."

सून फिदीफिदी हसली. मलाबी हसू आलं, पण मी दाखवलं न्हाई.

त्या दिशीपासून घरात तुमचंच राज. कुंभाराकडून साधा माठ आणला, न रंगवलेला. खाली वाळू, भवती वलं फडकं. कूलर खिडकीत अन् समोरचं दार उघडं. "हवा जायला वाट पाहिजे, आजी, नाहीतर ती येणार कुठून?" दत्ता पत्र्यावर चढला, तुराट्या अन् पाचट पसरलं, वारा उडवू नये म्हणून वर जुनी साडी बांधली. माझी हिरवी साडी, ईनबाई, ईश्वरीच्या बारशाला तुमीच नेसवलेली. म्हणले, जाऊ द्या, तुमच्याच कामी लागू द्या. सकाळी ऊन अंगणात उतरायच्या आत खिडक्या बंद, सांज झाली की सगळ्या सताड उघड्या. भांडी धुतलेलं पाणी अंगणात अन् दाराच्या तरटावर. टँकरचा थेंबबी जास्तीचा लागला न्हाई. प्रत्येक गोष्टीला "गारआजी असं करायची, गारआजी तसं करायची". मी करत होते अन् जळत होते. एका हातानं तरट भिजवायचं अन् मनात म्हणायचं, समदी अक्कल ह्याच बाईला कशी देवानं दिली.

तुमाला एक इचारू? एवढं येत होतं तर मला एका शब्दानं सांगितलं कावून न्हाई? रंगवलेला माठ तुमी बघितला होता, दिवाळीनंतर दत्ताच्या लग्नाला आलता तवा. बघून निस्तं म्हणलात, "फुलं छान काढलीत." आता कळतंय मला ते!

तर नवा माठ भरला. गार झाला, बाहेरून नुसता घामानं डबडबला. मी भांडं घालायला गेले तर ईश्वरीनं हात धरला. "नव्या माठातलं पाणी आखितीआधी नाही प्यायचं. आधी गारआजीच्या नावानं द्यायचं." रीत तर हायच आपल्यात, नव्या माठाचं पाणी आधी पितरांना. मीच कशी इसरले? सून म्हणली, "आत्या, ईनीच्या नावानं तिच्या सुनेच्या माहेरात पाणी भरत्यात का कुठं? ते त्यांचे लोक भरतील." मी म्हणले, "भरत्यात. आजपासून भरत्यात." मलाच कळलं न्हाई मी असं कावून बोलले.

अन् आले की जावई, ठरल्या दिशी. उन्हातून आलेले, घसा कोरडा. मी त्या फुलांच्या माठातलं पाणी दिलं, नव्याला तर हात लावायचा न्हाई. त्यांनी एक घोट घेतला अन् भांडं खाली ठेवलं. तुमचेच चिरंजीव, ईनबाई. मी मनात म्हणले, घ्या, रक्तातच हाय.

ईश्वरीची पिशवी मी सकाळीच भरून ठेवली होती. तिचा फ्रॉक, कंगवा, कैऱ्या. जावई म्हणाले, "चल बाळा, पाचची गाडी हाय." तर ती माठाला टेकून उभी राहिली.

"मी नाही येत, पप्पा. तिथं तर आई भरेल. इथं गारआजीला पाणी कोण देणार? या आजीला काही येत नाही."

काही येत न्हाई! जावई माझ्या तोंडाकडं बघायला लागले. मी पदर तोंडाला लावला, त्यांना वाटलं मला वाईट वाटलं. मला हसू आवरत न्हवतं अन् डोळ्यातून पाणीबी. पोरगी राहिली, ईनबाई. माझ्यासाठी न्हाई राहिली, तुमच्यासाठी राहिली. ज्या बाईनं माझ्या सगळ्या सुट्ट्या नेल्या, तिच्याचमुळं मला ही एक सुट्टी मिळाली. आता मी तुमच्यावर रागवावं तरी कसं? तरी जरा रागवतेच.

आज आखिती. सकाळी तिनं माठाला हळदीकुंकू लावलं, सूत गुंडाळलं, आंबा ठेवला. तुळशीपाशी पहिलं भांडं वतलं अन् मोठ्यानं म्हणली, "गारआजी, आता इथंपण ये पाणी प्यायला." तुमाला ऐकू आलं असंल. दुसरं भांडं भरलं अन् माझ्या हातात दिलं. "आता तू पी, आजी." ते पाणी घशाखाली उतरलं ना, तसं गार पाणी माझ्या घरात मी पहिल्यांदा प्याले.

पुरणपोळी अन् आमरस खाऊन ती झोपली, पांघरूण घेऊन. मी शेजारी बसून लिहिते. पंख्याचासुद्धा आवाज नको म्हणून बारीक केलाय. तुमी असता तर तुमाला बोलावून दाखवलं असतं. म्हणलं असतं, बघा, कुणाच्या घरात झोपलीय.

आता एक शब्द देते. माठाला परत रंग लावणार न्हाई, अन् ती "गारआजी असं करायची" म्हणली की तोंड वाकडं करणार न्हाई. थोडं झालं तर सोसून घ्या. पण तुमच्या पदरात तिचे नऊ उन्हाळे पडलेत. मी दहा घेणार. तवर मी तिकडं यायची न्हाई, कितीबी हाका मारा. अकराव्याला आले तर आले, तवा सावलीतली जागा तेवढी माझ्यासाठी धरून ठेवा.

तुमची ईन,
केसरबाई
नेकनूर