गुरुवारचं बांडगूळ

प्रिय श्रीधरा,

बावीस वर्षांनी निरोप धाडावा आणि तोही घोड्याच्या तोबऱ्यातून, हे तुलाच सुचायचं. कार्तिकात तुमच्या जावळीकडचे हिंदुराव शिलेदार दारात उभे राहिले. तोबऱ्यातून ओल्या शेवाळात गुंडाळलेलं काहीतरी काढून माझ्या हातात ठेवलं नि म्हणाले, "शास्त्रीबुवांनी दिलंय. मातीत लावू नका म्हणाले." पत्र? "पत्र न्हाई." चार जाड पानं, खाली लोंबणारी पांढुरकी मुळं, आणि एक ओळसुद्धा नाही. रानातल्या झाडावरून सोडवलेलं, एवढं मलाही कळलं. मी ठरवूनच टाकलं, हे बांडगूळ. श्रीधराने माझा शब्द इतकी वर्षं जपला आणि आज मला परत पाठवला.

नको म्हटलेलं आधी करून पाहायचं हा आमच्या पेठेचा धर्म तुला ठाऊक आहे. मातीतच लावलं. आठवड्यात दोन मुळं काळी पडली. माझी बायको आनंदी (तू गेल्यावर ती या घरात आली, तुमची गाठ नाही) म्हणाली, "अहो, निरोप कानांनी ऐकायचा असतो, आपण तोंडाने ऐकता." तिनेच ते उपटून धुतलं आणि माजघरात खिडकीशी टांगलं. तिथे चुलीचा धूर लागून पानं पिवळी पडायला लागली. मग मागच्या विहिरीजवळच्या आंब्यावर, तू दुपारी पुस्तक उशाला घेऊन झोपायचास ना, त्याच्याच आडव्या फांदीला काथ्याने बांधलं. सकाळी एकदा पाणी शिंपडायचं, पण गाभ्यात पाणी साठू द्यायचं नाही, म्हणून जरा तिरकं. उन्हाळ्यात वरून ओलं फडकं. सोवळ्यातल्या पाहुण्याचे इतके लाड मी केले नाहीत.

आणि गंमत सांगतो. कोरडी असताना ती मुळं राखेसारखी पांढरी दिसतात. पाणी पडलं की बघता बघता हिरवी होतात. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा दफ्तरात जायला उशीर झाला. दुसऱ्या दिवशी मुद्दाम उशीर केला. शेजारचे बाळभट कुंपणावरून म्हणाले, "दिगंबरपंत, झाडाला आंघोळ घालता, स्वतः कधी?" मी मुळांवर आणखी पाणी शिंपडलं. तोंडाळ दिगंबराने टोला परतवला नाही, ही पेठेत बातमी झाली.

मला प्रश्न पडला, हे खातं काय? बाळभटांच्या आंब्यावर खरं बांडगूळ आहे. संपत माळ्याकडून ती फांदी उतरवून चिरून घेतली. त्याचं मूळ लाकडात इतकं घुसलेलं, की झाड कुठे संपलं आणि ते कुठे सुरू झालं, कळेना. पुढची फांदी वाळून कोळ. मग घरी येऊन तुझ्या रोपाचं एक मूळ बाभळीच्या काट्याने हळूच उचललं. खाली आंब्याची साल जशीच्या तशी. भोक नाही, ओरखडा नाही. नुसतं धरून बसलेलं. वाऱ्यावर, दवावर आणि शिंपडलेल्या पाण्यावर जगतं, आंब्याकडून फक्त टेकायला जागा घेतं. ज्येष्ठात त्याला वीतभर लांब, गुलाबी ठिपक्यांच्या फुलांचा घोस आला. आनंदी वाईची; बघताक्षणी म्हणाली, "ही तर सीतेची वेणी! बांडगूळ कुणी सांगितलं आपल्याला?" कुणी सांगितलं म्हणजे काय, मीच सांगितलं होतं.

दोनदा सांगितलं, आत्ता या रोपाला आणि त्याआधी तुला. पहिल्यांदा तू आमच्या पंगतीत होतास. पुण्यात तुझं घर नाही, तेव्हा वार लावून जेवायचास; सात वार, सात घरं, आणि गुरुवार आमचा. दहा माणसं जेवत होती आणि मला दोन ओळी सुचल्या, सार इतकंच: सात फांद्यांवर पोसलेलं श्रीधरभट बांडगूळ. सगळे हसले. तूही हसलास, ताकभात संपवलास, पान उचललंस. आठ दिवस पाठशाळेत पोरांनी तुला दुसऱ्या नावाने हाक मारली नाही. पुढच्या गुरुवारी तुझं पान मांडलेलं राहिलं. तू पुणं सोडलं होतंस, परीक्षा तोंडावर असताना.

आंब्याखाली काटा हातात घेऊन मी विचार करत बसलो. तू आमच्याकडून काय घेतलंस? आठवड्यातून एक पान. मी तुझ्याकडून काय घेतलं? संधी, समास, अमरकोश. मला श्लेष साधायला शिकवलंस तू. ज्या दोन ओळींवर पंगत हसली, त्यांतली यमकाची सफाईसुद्धा तुझी. लाकडात मूळ घालून बसलेला कोण होता, हे मला कळायला बावीस वर्षं आणि एक घोडा लागला.

हिंदुराव आज पुन्हा आले आहेत. श्रावणात रमण्यात दक्षिणेसाठी शास्त्र्यांची परीक्षा होते, तिला तू येणार, धर्मशाळेत उतरणार आणि जेवणासाठी पुन्हा वार शोधायला त्यांना सांगितलंस, असं म्हणाले. ऐकून मी आत गेलो आणि हे लिहायला बसलो. श्रीधरा, ते बोलणं माझं चुकलं. यावर काही श्लेष होत नाही, म्हणून साधंच लिहितो. तू गेल्यावर पुष्कळ विद्यार्थी वार मागायला आले. आईने बाकीचे सगळे दिले; गुरुवार मात्र तिने डोळे मिटेपर्यंत कुणाला दिला नाही, आणि का, ते माझ्याकडे बघून एकदाही सांगितलं नाही. आता सातही वार आमच्याकडे जेव. रोप तू टोमणा म्हणून पाठवलंस की भेट म्हणून, ते मला अजून कळलेलं नाही. आंब्याखाली बसून सांग. श्रावणातला पहिला गुरुवार शुद्ध तृतीयेला येतो. तुझं पान मांडतो आहे.

अजून तोंडाळ, पण तुझाच,
दिगंबर