लंगर हाऊसचा व्हरांडा कापून लिफ्ट बसवू देण्याबाबत

प्रति,
मा. वास्तुजतन अधिकारी,
बंदर विभाग वारसा कक्ष, मुंबई.

विषय : लंगर हाऊस, माझगाव या वारसा इमारतीच्या व्हरांड्यात लिफ्टसाठी छेद देण्यास परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : १) रहिवाशांचा लिफ्टचा अर्ज नामंजूर केल्याचे आपले पत्र. २) तुळईच्या विनापरवाना वापराबद्दलची आपली नोटीस.

महोदय,

१. मी, मेघना तळाशीलकर, लंगर हाऊसच्या दुसऱ्या मजल्यावर राहते व वास्तुकला महाविद्यालयात शिकवते. ही इमारत वारसा यादीत यावी म्हणून आपल्याकडे जे वर्णन सादर झाले, ते मी लिहिलेले आहे. जहाजांना दोरखंड पुरवणाऱ्या व्यापाऱ्याने बांधलेले घर, बंदराकडे तोंड करून डेकसारखा पसरलेला सागवानी व्हरांडा, अरुंद उभा जिना, माल वर ओढण्यासाठी भिंतीबाहेर काढलेली कप्पीची तुळई, हे सर्व त्यात आहे. 'व्हरांड्यास छेद देणे म्हणजे घराचा चेहरा विद्रूप करणे होय' हे वाक्यही माझेच. रहिवाशांना लिफ्ट नाकारताना आपण तेच उद्धृत केले आहे.

२. माझ्या शेजारी सुंदराबाई कोचरेकर राहतात. त्यांचे यजमान टगबोटीवर होते. गणपतीनंतर एका सकाळी त्या मोरीत पडल्या आणि खुब्याचे हाड मोडले. रुग्णवाहिका आली, पण जिन्याच्या वळणावर स्ट्रेचर वळेना. तिरके करू पाहिले तर त्यांना वेदना सोसवेनात. शेवटी त्यांचे पुतणे बाबुराव, जे धक्क्यावर माल चढवण्याचे काम करतात, त्यांनी स्ट्रेचरला चारी बाजूंनी दोर बांधले आणि कप्पीवरून काकूंना खाली सोडले. नोटिशीतील 'विनापरवाना वापर' तो हाच.

३. तुळईला चीर गेली आहे, हे आपले निरीक्षण बरोबर आहे. ती जाताना मी ऐकली. सुंदराबाई रस्त्यावर अधांतरी, डोळे मिटून, दोर घट्ट धरून होत्या, आणि माझ्या तोंडून पहिले शब्द निघाले ते 'तुळई सांभाळा'. बाबुरावांनी दोर सोडता सोडता एकदा माझ्याकडे पाहिले. नोटिशीची जी काही कारवाई करायची ती कृपया माझ्यावर करावी, त्यांच्यावर करू नये.

४. शस्त्रक्रियेनंतर सुंदराबाई अँटॉप हिलला मुलीकडे, दुर्गाकडे, तळमजल्यावर आहेत. वॉकर घेऊन चालतात. जिना मात्र डॉक्टरांनी कायमचा बंद केला आहे. मला कप्पीनेच वर घ्या, असा त्यांचा हट्ट. 'दोरखंड चढत होते, तर मी चढाक नको?' असे त्या दुर्गाला विचारतात. गेल्या आठवड्यात मी त्यांची माफी मागायला गेले. व्हरांड्याचे वाक्य, तुळईचे शब्द, सगळे सांगितले. सगळे ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, 'घराचा नाव झाला, बरा झाला. आता माका घराक घेवन चल.' मी 'बघते' म्हणून उठून आले.

५. त्यानंतर घराची मापे मी पुन्हा घेतली. मागची भिंत गोदामाला लागून असल्याने लिफ्टला जागा एकच आहे, व्हरांड्याचे दक्षिण टोक. ते माझ्या खोलीसमोर येते. तिथली खिडकी बुजेल व मला पाणी दिसणार नाही. त्यास माझी हरकत नाही.

६. माझे उपरोक्त वाक्य यापुढे आधार म्हणून धरू नये, ही विनंती. ते लिहिले तेव्हा सुंदराबाई कठड्याला धरून, पायरीपायरीला थांबत उतरतात, हे मला ठाऊक नव्हते असे नाही. रोज पाहत होते. वर्णनात धरले नाही.

आपल्या उत्तराकडे डोळे लावून असलेली,

(सही)
मेघना दत्ताराम तळाशीलकर
दुसरा मजला, लंगर हाऊस, माझगाव
दि. १८ नोव्हेंबर २०२४

सोबत :
१) लिफ्टचा सुधारित नकाशा
२) सुंदराबाईंच्या डॉक्टरांचे प्रमाणपत्र
३) माझी खिडकी बुजवण्यास माझी लेखी संमती